तुम्ही विचारलंत म्हणून: अँप्लिफायर कुठला घेऊ?

महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी हे विचारतंच. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, डिसेंबरात सवाईला चहाच्या रांगेत. "स्पीकर घेऊन झालेत, आता अँप्लिफायर कुठला घेऊ ते सांगा, आणि ते रूम करेक्शन म्हणतात, खोलीमुळे बिघडलेला आवाज मोजून फिल्टरने सुधारायचं, ते खरंच लागतं का हो?" मी उलट विचारतो की तुमचा हॉल किती बाय किती आहे आणि सोफा कुठल्या भिंतीला आहे. समोरच्याला वाटतं मी विषय टाळतोय. टाळत नाही, उत्तर तिथूनच सुरू होतं, आणि ते रांगेत उभ्या उभ्या सांगून होत नाही म्हणून आज सगळं लिहून काढतोय.

आधी माझं काय झालं ते सांगतो. कोथरूडमधला आमचा हॉल 16 बाय 10, उंची साडेनऊ फूट. खाली गुळगुळीत टाइल्स, भिंती कोऱ्या, बाल्कनीला सरकतं काचेचं दार आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे पुण्यातल्या निम्म्या फ्लॅटमध्ये असतो तसाच हॉल. मी ऐकतो ते जास्त करून शास्त्रीय, त्यातही पुरुष गायकांच्या जुन्या मैफलींची रेकॉर्डिंग्ज. त्यातली काही लावली की तंबोराच बिघडल्यासारखा वाटायचा. खर्जाची तार आली की अख्खा हॉल हुंऽऽ करून घुमायचा आणि पंचम मात्र कुठेतरी हरवायचा, प सा सा सा असं जे चक्र फिरायला हवं ते कान देऊन ऐकलं तरी पुरं व्हायचं नाही. दुसरं एखादं रेकॉर्डिंग लावलं की सगळं व्यवस्थित. मग मी आधी रेकॉर्डिंगला दोष दिला, नंतर अँपला.

दुकानात सांगितलं की तुमच्या अँपची वूफरवर, म्हणजे स्पीकरमधल्या खालचे स्वर वाजवणाऱ्या भागावर, पकड नाही, करंट कमी पडतोय, मोठा घ्या. मी घेतला. आधीच्याच्या अडीचपट किमतीचा, दोघांनी मिळून उचलायला लागेल असा. घरी आणून जोडला, तेच रेकॉर्डिंग लावलं, आणि पहिल्याच फेरीला खर्ज जसाच्या तसा घुमला. त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं. पैशांचं होतंच, पण आता पुढे कशावर हात ठेवायचा हे कळेना, त्याचं जास्त.

पुढच्या रविवारी मावसभाऊ आला, तो साउंडच्या कामातला. त्याच्याकडे जाडसर पेनाएवढा एक यूएसबी माईक होता, मिनीडीएसपीचा युमिक-1, प्रत्येक माईकसोबत त्याची स्वतःची कॅलिब्रेशन फाइल मिळते. लॅपटॉपवर आरईडब्ल्यू, म्हणजे रूम ईक्यू विझर्ड, हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मी बसतो तिथे कानाच्या उंचीवर माईक लावला, पंखा बंद, फ्रिज बंद, आणि स्पीकरमधून खालच्या हुंकारापासून शिट्टीपर्यंत चढत जाणारा एक आवाज सोडला. काही सेकंदांत स्क्रीनवर ग्राफ आला. 70 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 70 कंपनांच्या स्वराला, नऊ डेसिबलचा डोंगर आणि 104 च्या आसपास खोल खड्डा. त्याने ग्राफ बघितला, थोडा वेळ काही बोलला नाही आणि मग विचारलं, "तुला त्रास देणारी रेकॉर्डिंग्ज काळी एकची आहेत का रे?"

मी मोबाईलवर ट्यूनर लावून एकेक तपासलं. सगळी जवळपास काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरलेली.

हे कसं झालं ते समजून घ्या, कारण बाकी सगळं याच्यावरच उभं आहे. काळी एकचा मधला सा साधारण 138 हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे 69. आणि मंद्र पंचम 104. आता खोलीकडे बघा. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक लांबीच्या लाटा अडकून उभ्या राहतात. 16 फुटांत पहिली बसते 35 हर्ट्झला आणि दुसरी 70 ला. भिंतीपाशी या लाटांचा दाब सगळ्यात जास्त असतो, आणि माझं डोकं नेमकं भिंतीपाशी. म्हणजे खर्ज घुमवत होता तो माझा हॉल. पंचमाचं कारण वेगळं. कुणीतरी सांगितलं म्हणून मी स्पीकर भिंतीपासून लांब ओढले होते, वूफरपासून स्पीकरमागच्या भिंतीपर्यंत पावणेतीन फूट अंतर. 104 हर्ट्झच्या लाटेचा बरोबर पाव भाग तेवढा भरतो, त्यामुळे त्या भिंतीवर आपटून परत आलेली लाट स्पीकरमधून सरळ निघालेल्या लाटेच्या उलट पडून दोघी एकमेकींना खात होत्या. तंबोऱ्याचा बराचसा नाद वरच्या स्वयंभू स्वरांत, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांत, असतो हे खरं, म्हणून पंचम अगदी नाहीसा होत नव्हता, पण त्याचा पाया गेला होता. दुसऱ्या पट्टीतलं रेकॉर्डिंग लावलं की तंबोऱ्याचे स्वर त्या डोंगरावर आणि खड्ड्यात पडायचेच नाहीत, म्हणून ते ठीक वाटायचं. यात अँप्लिफायर काय करणार होता, 18 किलोचा असो नाहीतर 80 किलोचा?

मग आम्ही काय केलं तर आधी सोफा दोन फूट पुढे घेतला. 70 चा डोंगर तेवढ्यानेच तीनेक डेसिबल उतरला. चार फूट घेतला असता तर उलट 70 हर्ट्झ तिथे जवळजवळ ऐकूच आला नसता, 16 फुटांच्या बरोबर पाव भागावर ती लाट शून्य होते, तेही नको. स्पीकर मागे सरकवून वूफर भिंतीपासून दीड फुटावर आणले, खड्डा 104 वरून उठून 190 च्या आसपास गेला आणि उथळ झाला. इथपर्यंत एक रुपया खर्च नाही. मग उरलेल्या डोंगरावर एक फिल्टर टाकला, म्हणजे फक्त 70 हर्ट्झच्या आसपासचा आवाज सहा डेसिबलने कमी केला. आणि तेच रेकॉर्डिंग परत लावलं. पंचम आला, जोडीच्या तारा आल्या, खर्ज आला आणि आला तसा विरला, आणि चक्र पुरं झालं. मी ते रेकॉर्डिंग त्याआधी शंभर वेळा ऐकलं असेल, पण तंबोरा जुळलेला आहे हे त्या दिवशी कळलं.

तर रूम करेक्शन लागतं का, हो, लागतं. आपल्या घरांत तर जास्तच लागतं, कारण काँक्रीट आणि टाइल्स खालचा आवाज जवळजवळ पीतच नाहीत. पण त्याच्याकडून काय मागायचं ते ठरवून मागा. डोंगर कापायला सांगा, खड्डे भरायला सांगू नका. खड्ड्यात आठ डेसिबल ओतायला गेलात तर त्या स्वराला सहापट पॉवर लागते, वूफर पुढेमागे धापा टाकतो, आणि खड्डा तसाच राहतो, कारण सरळ लाट जेवढी वाढली तेवढीच भिंतीवरून उलटी येणारीही वाढली. ऑटोमॅटिक करेक्शनवाले हा प्रयत्न कधीकधी करतात, तेव्हा किती वर उचललंय ते बघा आणि शक्य असेल तिथे मर्यादा घाला. दुसरं, 300 हर्ट्झच्या वर शक्यतो हात लावू नका. त्याच्या खाली खोलीचं राज्य असतं आणि वर स्पीकरचं, स्पीकर चांगला असेल तर त्याचा वरचा आवाज माईकच्या एका जागेवरून सरळ करायला गेलं की गायकाचा आवाज कोरडा पडतो. आणि ग्राफ तबकासारखा सपाट करू नका. खालून वर जाताना हळूहळू उतरत जाणारी रेघ कानाला नैसर्गिक लागते, सपाट केलेला आवाज बहुतेकांना पातळ आणि टोचरा वाटतो. मोजताना डोक्याच्या आजूबाजूला सहा-आठ जागी मोजून सरासरी घ्या, एकाच बिंदूवर विसंबू नका.

आता अँप. वॅटचा हिशोब स्वतः करा, कुणावर सोडू नका. समजा तुमचा स्पीकर 86 डेसिबलचा आहे, म्हणजे 1 वॅटला 1 मीटरवर 86. आपल्या हॉलमध्ये नऊ-दहा फुटांवर दोन्ही स्पीकर मिळून तेवढ्याच 1-1 वॅटवर साधारण 82-83 मिळतात. घरात आपण सरासरी 70-75 ला ऐकतो. म्हणजे ख्याल चालू असताना तुमचा अँप वॅटचा दहावा भाग खर्च करत असतो! तबल्याची थाप, तिहाईचा शेवट हे सरासरीच्या वीसेक डेसिबल वर जातात, तिथे दहा-पंधरा वॅट लागतात. पॉवर दुप्पट केली की फक्त 3 डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट मोठं वाटायला दहापट पॉवर लागते, त्यामुळे 50 वॅट की 100 वॅट यावर रात्र रात्र विचार करण्यात अर्थ नाही. एनएडीचा 3020 हा अँप 1978 चा, 20 वॅटचा, आणि लोकांनी त्यावर अख्खं आयुष्य संगीत ऐकलंय. मी म्हणेन, 50-60 स्वच्छ वॅट, आणि 4 ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, आकडा कमी तितका अँपवर ताण जास्त) न गडबडणारा, कारण 8 ओहम लिहिलेले स्पीकरसुद्धा काही स्वरांना चारच्या खाली उतरतात. हॉल खूप मोठा असेल किंवा स्पीकर 83-84 चे असतील तरच वर जा.

दोन नीट बांधलेल्या अँपमधला फरक किती, तर मी आणि मावसभावाने माझा जुना आणि नवा शेजारी ठेवून मल्टिमीटरने दोघांचा आवाज अगदी सारखा केला (हे करणं फार महत्त्वाचं, किंचित मोठा वाजणारा नेहमीच "जास्त चांगला" वाटतो) आणि तो माझ्या नकळत वायरी बदलत राहिला. मला ओळखता आलं नाही, एकदाही खात्रीने नाही. नवा मी पुढच्या महिन्यात विकला.

क्लास डी, म्हणजे वीज झटपट चालू-बंद करून चालणारा अँप, हलका, स्वस्त, म्हणून आवाज पातळ असा समज अजून आहे, तो काढून टाका. टीपीए 3255 या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपवरचे छोटे अँपसुद्धा आज घरासाठी उत्तम आहेत, फक्त त्यातल्या साध्या रचनेच्यांचा वरचा आवाज स्पीकरच्या ओहमप्रमाणे थोडा बदलतो, फीडबॅक, म्हणजे अँप स्वतःची चूक सुधारायला परत घेतो तो सिग्नल, शेवटच्या फिल्टरच्या नंतर, स्पीकरच्या बाजूने घेतलेला असला की ते होत नाही. हायपेक्स कंपनीचे एनकोर हे तयार क्लास डी मॉड्यूल वापरलेले असतील तर हा प्रश्नच नाही. क्लास ए, म्हणजे सतत पूर्ण करंट वाहता ठेवणारा अँप, घेऊ नका असं मी थेट सांगतो, तो गप्प बसला असतानाही शे-दीडशे वॅट खाऊन गरम होतो, आणि पुण्यातला एप्रिल-मे तुम्हाला माहीतच आहे. कुठलाही अँप घ्या, टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका.

मग उरलेले पैसे कुठे घालायचे, तर करेक्शनमध्ये. विम कंपनीच्या विम अँपमध्ये ते आतच आहे, मोबाईलच्या माईकनेही चालतं, खालच्या पट्टीसाठी तेवढं पुरतं, स्ट्रीमिंगही त्यातच. सुरुवात करणाऱ्याला मी हेच सांगतो. पैसे जास्त असतील तर डिरॅक हे करेक्शन असलेलं काहीतरी, उदाहरणार्थ एनएडीचा एम 10, डिरॅक ही स्वीडनमधल्या उपसालाची कंपनी आणि वेळेच्या बाजूने, म्हणजे आवाज किती रेंगाळतो त्या बाजूनेही, ते चांगलं काम करतं. घरात डेनॉन किंवा मरांट्झचा रिसीव्हर पडला असेल तर त्यातलं ऑडिसी नावाचं करेक्शन आधी नीट चालवून बघा, त्याचं वेगळं अॅप घेतलं की करेक्शन 300 हर्ट्झवर थांबवता येतं. कॉम्प्युटरवरून ऐकत असाल तर विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे फिल्टर लावणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, आरईडब्ल्यूने काढलेले फिल्टर सरळ त्यात जातात. जुना अँप लाडका असेल तर मध्ये मिनीडीएसपीचा फिल्टर लावणारा डबा बसवा. एलपी ऐकणारे काका लोक इथे नाराज होतात, की आमचा अॅनालॉग आवाज डिजिटल होणार. होणार, पण काका, तुमचा खर्ज घुमायचा थांबणार, एकदा ऐकून मग ठरवा.

एक गोष्ट माझ्या ध्यानीमनी नव्हती. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू कधीतरी म्हणायच्या की रात्री तुमचा तबला आमच्या बेडरूममध्ये येतो. करेक्शननंतर दोन महिन्यांनी त्यांनी विचारलं, हल्ली ऐकत नाही का? मी तेवढंच ऐकत होतो, तेवढ्याच आवाजात. स्लॅबमधून खाली जात होता तो डोंगरच होता.

पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट हे सगळं हवंच, टाळी वाजवून बघा, टर्रर्र असं उत्तर आलं तर आधी ते करा. पण पडद्याने खर्ज शांत होईल ही अपेक्षा नको, 70 हर्ट्झची लाट जवळजवळ पाच मीटर लांब असते, तिला दोन इंचाचा फोम काय अडवणार. बाजारात अंड्याच्या ट्रेसारखा फोम बेस ट्रॅप, म्हणजे खालचा आवाज शोषणारा, म्हणून विकतात, त्यात पैसे घालू नका. खरा बेस ट्रॅप रॉकवूलचा आणि चांगला फूटभर जाड लागतो, एवढी जागा आपल्या हॉलमध्ये कुणाकडे आहे, म्हणून तर फिल्टर. वायरीचं म्हणाल तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत मीटरवर मिळणारी चांगली जाड तांब्याची घ्या.

आणि घेण्याआधी मोजा. माईक माझ्याकडे आहे, न्या, दोन दिवसांनी परत द्या. नाहीतर रविवारी सकाळी मीच येतो, त्या वेळी रस्ता शांत असतो. फक्त त्याआधी टेप घेऊन हॉलची लांबी, रुंदी, उंची, वूफर ते मागची भिंत आणि तुमचे कान ते तुमच्यामागची भिंत एवढे पाच आकडे कागदावर लिहून ठेवा, आणि ज्या रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी खटकतं ना, ते काढून ठेवा. पट्टी माहीत असेल तर तीही.