पिना लावायच्या आधी

औसा तालुक्यातल्या एका मावशींचं मेनिंजिओमाचं, म्हणजे मेंदूच्या आवरणातल्या गाठीचं, ऑपरेशन ठरलं. भुलीच्या तपासणीला माझ्याकडे आल्या तेव्हा बीपी १७०/१००. गोळ्या चालू होत्या म्हणे. पोरगा म्हणाला, "चालू हायत सर, पण जरा बरं वाटलं की ती घ्यायचं सोडायली."

एरवी १८०/११० च्या खाली असेल तर आम्ही भुलीसाठी अडवत नाही. इथे कवटी उघडायची होती आणि घाई काहीच नव्हती, म्हणून सर्जनशी बोलून तारीख पुढे नेली. वर्षानुवर्षं बीपी वाढलेल्या माणसाच्या मेंदूला जास्त दाबाची सवय झालेली असते. दुसऱ्याला चालणारा आकडा त्याला कमी पडू शकतो. आमच्या भागात अजून एक घोळ ठरलेला. 'उपाशी या' म्हटलं की लोक गोळीही घेत नाहीत. म्हणून पोराला दोनदा बजावलं: बीपीच्या गोळ्यांपैकी मेटोप्रोलॉल पहाटे घोटभर पाण्याबरोबर द्यायचीच, ती एकदम तुटली की नाडी उसळते. टेल्मिसार्टन मात्र त्या दिवशी नको, भुलीनंतर बीपी फार पडतं.

ओटीत सतत बीपी बघायला मनगटाच्या धमनीत लाइन टाकली. दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर मी कानाच्या पातळीला लावतो. डोकं उंच असताना हृदयाच्या पातळीवरचा आकडा फसवतो. १० सेंटीमीटर उंचीला साधारण साडेसात मिलिमीटर दाब कमी होतो. मेंदूला रक्त रेटणारा दाब म्हणजे सरासरी बीपी वजा कवटीच्या आतला दाब, आणि गाठीमुळे आतला दाब आधीच वाढलेला असू शकतो.

वेदनेसाठी फेंटानिल, भुलीसाठी सावकाश प्रोपोफॉल, मग श्वासाची नळी घातली. नाडी ऐंशीच्या आसपास राहिली. खरी परीक्षा पुढे असते. डोकं क्लॅम्पमध्ये घट्ट धरायला पिना थेट हाडात रुततात, आणि भुलीतल्या माणसाचंही बीपी काही सेकंदांत उसळतं. मॉनिटरवर वाढलेलं बघून औषध भरायला धावायचं, हे मला पटत नाही. तोवर उसळी येऊन गेलेली असते, औषधाचा असर मागून येतो आणि बीपी खाली आपटतं. आम्ही ब्युपिव्हाकेनने स्काल्प ब्लॉक दिला होता, म्हणजे डोक्याची कातडी बधिर केली होती. सर्जन क्लॅम्प घेऊन उभे, "लावू का?" म्हणाले. "थांबा जरा." प्रोपोफॉलचा छोटा डोस दिला, मग मान हलवली. वरचा आकडा १२८ वरून १४१ वर गेला आणि परत उतरला.

ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण, ओढताना नाडी अचानक ४२ झाली. हा चेहऱ्याच्या आणि ड्युराच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूचा प्रताप. "सर, सोडा," एवढंच म्हटलं; ओढ सुटली तशी नाडी वर आली. नाडी वाढवणाऱ्या अ‍ॅट्रोपिनची भरलेली सिरिंज तशीच राहिली. पुढचे तास कंटाळवाणे गेले. भूलतज्ज्ञाला तेच हवं असतं.

उठवताना पुन्हा जपावं लागतं. नळीवर खोकला आला, बीपी चढलं, की ताज्या जखमेत रक्तस्राव व्हायची भीती. बीपी उतरवणारं लॅबेटॅलॉल थोडं थोडं देत नळी काढली. मावशींनी दोन्ही हातांनी माझी बोटं दाबली, चांगली जोरात.

आयसीयूत सोपवताना रेसिडेंटला सांगितलं: वरचं बीपी १४० च्या आत ठेवा. पण बीपी चढतंय आणि नाडी मात्र मंदावतेय असं दिसलं, तर कवटीतला दाब वाढत असू शकतो, लॅबेटॅलॉलला हात लावायचा नाही. आधी डोळ्यांच्या बाहुल्या बघा, सर्जनना आणि मला फोन करा, आणि सीटीवाल्याला जागं करून ठेवा.