तांबडं म्हणाले, निघालं काळं

परतीच्या पावसाचे दिवस होते. रात्री पावणेनऊला पाटकरी तात्यांचा फोन आला, "साहेब, विमोचकाच्या शेजारनं पाणी तांबडं येतंय." विमोचक म्हणजे धरणाच्या भिंतीतून पाणी सोडायचा, झडप लावलेला पाईप. तात्या वाढवून सांगणाऱ्यांतले नाहीत. ताटावरून उठलो.

धरणाच्या मातीच्या भिंतीतून पाणी मुळीच येऊ नये, असा बाहेरच्यांचा समज असतो. पण ते येतंच. मधला काळ्या मातीचा गाभा पाझर मंद करतो, एवढंच. तो पाझर पायथ्याच्या दगडी चरातून निथळून ओढ्याला मिळतो. नितळ असेल तर खुशाल झोपावं. गढूळ झालं की मात्र भिंतच पाण्याबरोबर निघाली असं समजायचं. आत बोटाएवढी नळी होते, मग मनगटाएवढी, आणि माथा खचेपर्यंत बाहेरून पाहणाऱ्याला सगळं ठाकठीक दिसतं.

हे धरण लहान आहे. ११ मीटर उंच, सव्वातीनशे मीटर लांब, १९७२च्या दुष्काळात लोकांनी घमेल्यांनी माती वाहून उभं केलेलं. २०२१चा धरण सुरक्षितता कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरमधलं असेल तर किमान ५०० मीटर लांबी किंवा १० लाख घनमीटर साठा, अशांपैकी एखादी तरी अट बसावी लागते. आमची एकही बसत नाही. ओढ्याकाठच्या तीस घरांना हे कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगून तरी काय होणार होतं?

मूळ भिंतीत विमोचक नव्हताच. पुढे कधीतरी सिंचनासाठी भिंत उभी कापली, ४५० मिलिमीटरचा ह्यूम पाईप, म्हणजे काँक्रीटचा नळ, टाकला आणि वर माती लोटून दिली. पाईपच्या कुशीखाली रोलर पोहोचत नाही. तिथे पातळ थर देऊन, पाणी मारून, माणसाने दुरमुसाने ठोकायचं असतं. ते काम कंटाळवाणं, आणि झाल्यावर दिसत नाही. जे दिसत नाही त्याचं बिल मात्र निघतं. पानशेतलाही १९६१ साली विमोचकाचं काम अपुरं होतं आणि त्याच्यावरचीच माती खचत गेली, हे आम्हा सगळ्यांना शिकवलेलं असतं.

पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. पाईपच्या तोंडापासून दीड हातावर, गवतात, पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. मी पाण्याची बाटली त्यात बुडवली, भरली आणि मोबाइलच्या टॉर्चसमोर धरली. वरचं पाणी तांबूस होतं; तो बाहेरच्या आवरणाचा मुरूम. तो बघून जरा धीर आला. मिनिटभराने तळाला नखाएवढा थर बसला. तो काळा होता. चिमटीत घेतला तर लोण्यासारखा मऊ लागला. मुरूम बाहेरच्या उतारावरचा असू शकतो. काळी माती फक्त गाभ्यात असते.

तात्यांनी बादली लावली. दहा लिटरची बादली नऊ सेकंदांत भरली. पाऊण तासाने तीच सात सेकंदांत.

वरिष्ठांना फोन केला. "पाहणी करून सविस्तर अहवाल सादर करा." हे वाक्य आमच्याकडे छापूनच ठेवलेलं असावं. तहसील कार्यालयातल्या रात्रपाळीच्या माणसाने मात्र एकही फाटा न फोडता विचारलं, "किती घरं? शाळेची किल्ली कुणाकडं?" त्याचं नाव मला अजून माहीत नाही. साडेदहापर्यंत वस्ती मराठी शाळेत आली. शेळ्या यायला तयार नव्हत्या, म्हणून दोन म्हातारे परत गेले आणि पोरांनी त्यांना शेळ्यांसकट उचलून आणलं.

इकडे तरुण मंडळी मातीच्या गोण्या घेऊन धावत आली होती. भोक बुजवायचं! मी ओरडलो, बहुतेक शिव्याही दिल्या. गळती तोंडाशी बुजवली की पाणी दुसरीकडून वाट काढतं, आणि ती वाट आपल्याला दिसतही नाही. इथे उलटं करायचं असतं. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी, वर दगड. चहाच्या गाळणीचं तत्त्व. पण रात्री अकराला वाळू आणायची कुठून? एकाचं घराचं बांधकाम चालू होतं. आजच्या भावाची दोन ब्रास वाळू त्याने "न्या" एवढंच म्हणून दिली. खडी रस्त्याच्या ठेकेदाराच्या ढिगातली. ती कुणाला विचारून आणली नाही.

पहिला थर पाण्याने उडवून लावला. दुसऱ्यांदा आधी गोण्यांचं कडं केलं, आत पाणी गुडघाभर चढू दिलं, तेव्हा उकळी मंदावली आणि वाळू बसली.

आता धरणातली पातळी उतरवायची होती. सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या वाटेवर, गावाने नेहमीप्रमाणे वाळूच्या गोण्या रचलेल्या होत्या, दीड फूट. तेवढंच जादा पाणी, रब्बीला दोन पाळ्या. त्याबद्दल मी ग्रामपंचायतीला दोन पत्रं दिली होती आणि दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. एकदम काढल्या असत्या तर वस्तीजवळच्या ओढ्याला मीच पूर आणला असता, म्हणून एका टोकाकडून चार-चार काढायला लावल्या. कांद्याचं रोप टाकलेल्या एक आजी सांडव्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. "बाबा, हे पाणी गेल्यावर चैत्रात टँकर तू आणशील का?" मी काहीच बोललो नाही. त्यांनीच मग शेवटची गोणी ओढायला हात लावला.

जलाशयात चौदा विनापरवाना मोटारी होत्या. त्यांच्या मालकांना नोटिसा मीच काढलेल्या. त्या रात्री मीच लाइनमनला विनवून थ्री फेज चालू करून घेतली आणि सगळ्या मोटारी चालवल्या. मग हिशेब केला. आठ हेक्टर पाणपसारा आणि चौदा मोटारी, म्हणजे पातळी तासाला जेमतेम सहा मिलिमीटर उतरणार. हा आकडा मी कुणाला सांगितला नाही. लोक मोटारींचा आवाज ऐकत शांत बसले होते.

राहिला विमोचक. तो उघडला असता तर पातळी भराभर उतरली असती. तात्या झडपेच्या चाकाला हात लावून माझ्याकडे बघत होते. गळती पाईपच्या कडेने होती. सांधा निखळलेला असेल तर दाबाचं पाणी थेट भिंतीच्या पोटात शिरेल, किंवा सांध्यातून मातीच पाईपमध्ये ओढली जाईल. आणि सांधा शाबूत असेल तर मी सर्वांत मोठी वाट बंद ठेवतोय. पाच मिनिटं तसाच उभा होतो. "नको, तात्या."

तीनच्या सुमारास बाटली पुन्हा भरली. पंधरा मिनिटं थांबलो, तळाला काही बसलं नाही. उजाडेपर्यंत पातळी फूटभर उतरली होती. सकाळी लोक घरी गेले. "काय झालं नाही की ओ, उगं रात्रभर जागवलं," हेही एकाने ऐकवलं.

चौकशीत शेरा आला, "विमोचक वेळीच उघडला असता तर पातळी लवकर कमी करता आली असती." उन्हाळ्यात भिंत खोदली तेव्हा पाईपच्या तिसऱ्या सांध्याचा कॉलर, म्हणजे सांध्यावरचं कडं, तुटलेला होता आणि त्याच्यावर एक माणूस उकिडवा बसेल एवढी पोकळी होती. मी खाली उतरून तिच्यात हात घातला. आत गार लागत होतं. विमोचक उघडला असता तर काय झालं असतं, हे त्या पोकळीकडे बघूनही सांगता येत नाही. दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो, आणि मी रात्री-अपरात्री घालत असतो.

चौकशीच्या फायलीत आधीच्या तीन वर्षांचे पावसाळापूर्व पाहणीचे तक्ते लावलेले होते. "विमोचकालगत ओलसरपणा. निरीक्षणाखाली ठेवावे." तिन्ही तक्त्यांत तेच वाक्य. तिसऱ्यातलं अक्षर माझं आहे. चिपळूणजवळचं तिवरे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटलं. गळतीच्या तक्रारी गावाने आधीच केल्या होत्या, आणि नंतर मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला. तेव्हा आम्ही कार्यालयात चहा पिताना हसलो होतो. आमच्या तीन तक्त्यांत खेकडेसुद्धा नाहीत.

त्या चैत्रात गावात टँकर आलाच. आजी हंडा घेऊन रांगेत होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि पदर सावरून पुढे सरकल्या.

परवा सांडव्यावर गेलो होतो. गोण्या पुन्हा आल्यात. मी पत्राचा मसुदा काढला, तिसरा. तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकच थर हाय, साहेब."