नर्सिंगच का? या ओळीचं उत्तर लिहिताना

नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला एक दुपार पुरली, पण ‘नर्सिंगच का?’ या एका ओळीने पंधरा दिवस खाल्ले. पहिल्यांदा मी ‘सेवेची आवड’ लिहिलं आणि खोडलं. खोटं नव्हतं ते, पण त्याच वाक्यावर कुणी अंगणवाडीतही लागेल. मग प्रत्येक कारणाला तीन प्रश्न विचारायचे ठरवलं: नेमकं काम कोणतं, ड्युटीच्या एका पाळीत किती वेळा करायचं, आणि चुकलं तर काय होतं?

‘रक्ताची भीती वाटत नाही’ हे कारण तिथेच गळालं. रक्ताची सवय होते. कस लागतो तो रात्रपाळीत, बेडपॅन देताना आणि जड पेशंटला कुशीवर वळवताना.

टिकलं ते विंचवाचं. कोकणातला लाल विंचू चिऱ्याच्या गडग्यात, लाकडांच्या राशीत, गवताच्या उडवीखाली असतो. जहाल दंशात उलटी, दरदरून घाम, गार हातपाय. बीपी आधी चढतं, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी होतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपयोग दाखवून दिला. मात्रा किलोमागे 30 मायक्रोग्रॅम. 15 किलोच्या पोराला 450 मायक्रोग्रॅम, म्हणजे 1 मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्ध्याहून जरा कमी तुकडा. हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा.

गोळी डॉक्टर लिहितात. पण हातपाय उबदार झाले की नाही, हे हात लावून बघते ती सिस्टर. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने नाडी, बीपी, श्वास. पुढचे सहा तास तासातासाला. पहिल्या गोळीनंतर बीपी एकदम उतरू शकतं, म्हणून पेशंटला आडवंच ठेवायचं. गफलत होते ती इथे: पोर रडतं, आई उचलून कडेवर घेते आणि ते मान टाकतं. आईला हे गोळी देण्याआधीच सांगायला हवं. असं काम मला हवं होतं. ‘सेवा’ म्हणा हवं तर.

दुसरं कारण हिशेबाचं. लेप्टोत, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापात, मूत्रपिंडाला धोका असतो, म्हणून लावणीच्या दिवसांत असा पेशंट आला की आत गेलेलं पाणी आणि बाहेर आलेली लघवी मोजायची. 60 किलोच्या माणसाला तासाला 30 मिलिलिटरपेक्षा कमी झाली तर लगेच कळवायचं, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. सलाईनचंही तसंच: 500 मिलिलिटर चार तासांत, सेट 20 थेंबांचा (म्हणजे 20 थेंबांना 1 मिलिलिटर), तर मिनिटाला साधारण 42 थेंब. घड्याळ धरून मोजले तरच जमतं. हात वाकवला की वेग बदलतो, म्हणून पुन्हा मोजायचे.

पगार हेही कारण होतं. ते लपवण्यात काय अर्थ आहे?

कोर्सचं थोडक्यात. बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी चार वर्षं, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा डिप्लोमा तीन, एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन. बी.एस्सी.ला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, खुल्या वर्गाला 45 टक्के. 31 डिसेंबरपर्यंत 17 वर्षं पूर्ण हवीत. बारावी आर्ट्स असली तरी जीएनएमचं दार बंद होत नाही, आणि नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही घेता येते. प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा असते.

अडतं ते बहुधा कागदांवर. राखीव जागेसाठी लागणाऱ्या जातवैधता प्रमाणपत्राला महिनोन्महिने जातात, त्यामुळे अर्ज अकरावीतच टाकावा. दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ: कुठे आडनाव, कुठे गावावरून पडलेलं नाव. ते आधी सारखं करून घ्यावं, कारण पडताळणीच्या टेबलावर ‘दोन्ही मीच’ म्हणून भागत नाही.