बिल बोवरमन: औंसाऔंसाचा हिशेब

नायके कंपनीचा इतिहास सांगताना बिल बोवरमन यांच्या वाट्याला सहसा एकच ओळ येते: बायकोच्या वॉफलच्या (चौकोनी खळग्यांच्या जाड पोळ्याच्या) साच्यात रबर ओतणारे कोच. ती ओळ अपुरी आहे आणि थोडी चुकीचीही, कारण साच्यात ओतलं होतं ते युरेथेन. सैनिक, कोच, बूट बनवणारा आणि घरचा माणूस अशा चारही भूमिकांत त्यांची एक सवय कायम दिसते. माणसावर भार किती आहे, त्यातला किती गरजेचा आहे आणि उरलेला कसा उतरवायचा, हे ते मोजत राहिले.

जन्म १९ फेब्रुवारी १९११, पोर्टलंड, ओरेगॉन. वडिलांचं नाव जे बोवरमन, ते राज्याचे हंगामी गव्हर्नर होते. आईवडील लवकरच विभक्त झाले आणि मुलं आईबरोबर फॉसिल या लहानशा गावी गेली. जुळा भाऊ टॉमस दोन वर्षांचा असताना लिफ्टच्या अपघातात गेला. ओरेगॉन विद्यापीठात बिल अमेरिकन फुटबॉल खेळायला आले होते, कोच बिल हेवर्ड यांनी त्यांना ट्रॅकवर ओढलं. पुढे मेडफर्डच्या शाळेत शिकवणं आणि फुटबॉलचं कोचिंग चालू असतानाच युद्ध आलं.

अमेरिकेच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनमधून ते इटलीत गेले, ८६ व्या रेजिमेंटमध्ये. त्यांच्याकडे काम होतं रसद आणि खेचरांचं. डोंगरी युद्धात हे काम दिसतं तेवढं दुय्यम नसतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये याच रेजिमेंटच्या जवानांनी रात्रीच्या अंधारात रिवा रिजचा कडा चढून जर्मनांना गाठलं. अशा ठिकाणी ट्रक पोहोचत नाही. दारूगोळा, पाणी, अन्न सगळं पाठीवरून न्यायचं. खेचराच्या दोन्ही बाजूंचं वजन सारखं नसेल तर खोगीर सरकतं, पाठ सोलली जाते आणि ते जनावर कामातून जातं. म्हणजे ओझं किती यापेक्षा ते कुठे आणि कसं बसलंय, हा खरा प्रश्न. पुढे ते पहिल्या बटालियनचे प्रमुख झाले. इटलीतली शरणागती जाहीर होण्याच्या काही दिवस आधी त्यांनी ब्रेनर खिंडीच्या परिसरातल्या जर्मन सैन्याशी बोलणी करून त्यांना थांबवलं. एक सिल्व्हर स्टार आणि चार ब्रॉंझ स्टार घेऊन मेजर बोवरमन ऑक्टोबर १९४५ मध्ये लष्करातून मोकळे झाले.

१९४८ मध्ये ते ओरेगॉन विद्यापीठाचे ट्रॅक कोच झाले आणि २४ हंगाम तिथेच राहिले. १९६२, १९६४, १९६५ आणि १९७० अशी चार राष्ट्रीय विद्यापीठ विजेतेपदं त्यांच्या संघांनी मिळवली. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण आजही हौशी धावपटू नेमकं याच जागी चुकतात.

पहिला भाग: कठीण दिवसानंतर सोपा दिवस. जोराच्या सरावात स्नायू मोडतात, ते बांधले जातात विश्रांतीत. रोज जोर लावला तर बांधकामाला वेळच मिळत नाही. आधी वेग अडकतो, मग पोटऱ्या आणि टाचा दुखू लागतात, मग हाडाला बारीक चीर जाते. एका सोप्या दिवसाने भागत नसेल तर दोन किंवा तीनही द्यायचे, कारण प्रत्येकाची भरपाईची गती वेगळी. केनी मूर या धावपटूला हे पटत नव्हतं. बोवरमन यांनी त्याला सोप्या दिवशी तीन मैलांपेक्षा जास्त धावायची बंदी घातली, आणि काही आठवड्यांत त्याने दोन मैल ८ मिनिटं ४८ सेकंदांत धावून स्वतःची सर्वोत्तम वेळ २७ सेकंदांनी सुधारली. हाच मूर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला चौथा आला.

दुसरा भाग: दोन वेग. एक आजचा, एक ध्येयाचा. समजा, धावपटू आज मैल ४ मिनिटं २० सेकंदांत धावतो आणि त्याला चार मिनिटं गाठायची आहेत. मैलाच्या चार फेऱ्या, म्हणजे आजचा वेग फेरीला ६५ सेकंद, ध्येयाचा ६०. सरावातल्या बहुतेक फेऱ्या आजच्या वेगाने, ध्येयाच्या वेगाचे तुकडे छोटे, मध्ये पुरेशी उसंत. ठरावीक दिवसांनी चाचणी घ्यायची, पण जीव तोडून नव्हे, पाऊण जोराने, आणि तिच्यावरून ‘आजचा’ आकडा बदलायचा. घोटाळा होतो तो ध्येयाचा वेग आजच वापरला की. पहिल्या चार फेऱ्या छान जातात, उरलेल्या घसरतात आणि शरीर घसरलेला वेगच शिकतं.

बुटांकडे ते वळले ते याच हिशेबातून. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. धावपटूची ढांग सहा फुटांची धरली तर ५,२८० फुटांच्या मैलात ८८० पावलं पडतात. प्रत्येक पावलाला एक औंस कमी उचलला तर मैलभरात ८८० औंस, म्हणजे ५५ पौंड, जवळपास २५ किलो. आकडा धडकी भरवणारा आहे आणि त्यात थोडा कोचचा कावाही आहे. पुढे प्रयोगशाळांत मोजलं गेलं तेव्हा एका बुटामागे १०० ग्रॅम वाढले की ऊर्जाखर्च सुमारे १ टक्क्याने वाढतो असं दिसलं. म्हणजे एका औंसाला पाव टक्क्याच्या आसपास. पण शर्यत छातीभर अंतराने जिंकली किंवा हरली जाते तिथे पाव टक्का पुरतो.

२५ जानेवारी १९६४ रोजी फिल नाइट या आपल्या जुन्या धावपटूबरोबर त्यांनी हातमिळवणी करून ब्लू रिबन स्पोर्ट्स सुरू केलं, हीच पुढची नायके. दोघांनी प्रत्येकी ५०० डॉलर घातले. माल जपानच्या ओनित्सुका कंपनीचा. नाइट यांनी विकायचं, बोवरमन यांनी बूट फाडून सुधारायचे. मूरच्या पायाचं हाड मोडलं तेव्हा त्यांनी त्याचा बूट उकलून पाहिला. तो मुळात उंच उडीसाठीचा निघाला. टाचेखाली आणि चवड्याखाली गादी, पण कमानीला आधार नाही. त्यातून पूर्ण लांबीचा स्पंज असलेला तळवा आखला गेला आणि कोर्टेझ हा बूट आला.

वॉफलची गोष्ट १९७१ ची. विद्यापीठाच्या हेवर्ड फील्ड या मैदानावर कृत्रिम ट्रॅक आला होता, त्यावर खिळ्यांशिवाय पकड देणारा तळवा हवा होता. घरच्या साच्यात त्यांनी युरेथेन ओतलं, पण आधी साच्याला सुटं करणारा लेप लावायचं राहिलं. युरेथेन दोन द्रवांच्या मिश्रणातून जमतं आणि धातूला घट्ट चिकटतं. साचा कायमचा मिटला. चिकटला नसता तरी अडचण होतीच. साच्यावर उंचवटे असतात, म्हणून त्यातून निघणाऱ्या वस्तूवर खळगे येतात, आणि तळव्याला हवे होते उंचवटे. दुसऱ्या साच्यात प्लॅस्टर भरून उलटा छाप घेतला. त्यातून पाडलेलं रबर कडक निघालं आणि तुटलं. मग स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याला भोकं पाडून साचा केला, तेव्हा जमलं. खुंट्यांच्या कडा जमीन पकडतात, मधल्या मोकळ्या जागेमुळे रबर कमी लागतं, आणि खुंट्या दबतात म्हणून धक्काही मऊ होतो. पेटंट फेब्रुवारी १९७४ मध्ये मिळालं, कृत्रिम हिरवळीसाठीचा बूट म्हणून. १९७२ च्या ऑलिंपिक निवड चाचणीसाठी हाताने केलेल्या मोजक्या जोड्यांपैकी एक २०१९ मध्ये ४,३७,५०० डॉलरला विकली गेली. तो मिटलेला साचा मात्र कुटुंबाने कचऱ्यात पुरला होता, २०१० मध्ये घराच्या आवारात खणताना सापडला.

या कामाची किंमत त्यांच्या पायांनी मोजली. हवा न खेळणाऱ्या जागेत ते वर्षानुवर्षं डिंक आणि सॉल्व्हंट हाताळत होते. त्या डिंकात एन-हेक्झेन होतं. शरीरात त्याचं रूपांतर होऊन ते नसांचं नुकसान करतं, आणि सर्वांत लांब नसा आधी जातात, म्हणजे पावलांच्या. सुरुवात मुंग्या आणि बधिरपणाने होते, दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. स्वतः केलेल्या बुटांत धावणं त्यांना शेवटी जमेना. घरच्या कोपऱ्यात चपला-बूट चिकटवणाऱ्यांनी खिडकी उघडी ठेवावी, हे सांगायला यापेक्षा मोठं उदाहरण नको.

जॉगिंगचं श्रेयही त्यांना देतात, पण ते खरं न्यूझीलंडचे कोच आर्थर लिडियार्ड यांचं. १९६२ च्या अखेरीला तिथे गेलेल्या पन्नाशीतल्या बोवरमन यांना सत्तरी ओलांडलेल्या एका हृदयरुग्णाने धावण्यात मागे टाकलं. परत येऊन त्यांनी विद्यापीठाच्या यूजीन गावात लोकांना धावायला बोलावलं. गर्दी इतकी वाढली की कुणाचं काही बरंवाईट होईल या भीतीने आधी ती थांबवली, मग हृदयरोगतज्ज्ञ वॉल्डो हॅरिस यांच्याबरोबर नेमून दिलेलं वेळापत्रक तयार केलं. कसोटी साधी: धावताना शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे. दम लागून वाक्य तुटलं तर चालायचं.

१९७२ मध्ये म्युनिकला ते अमेरिकी ट्रॅक संघाचे मुख्य कोच होते. इस्रायली संघावरच्या दहशतवादी हल्ल्याच्या पहाटे इस्रायलचा चालपटू (चालण्याच्या शर्यतीतला खेळाडू) शॉल लदानी त्यांच्या दारात आला. बोवरमन यांनी अमेरिकी वकिलातीला फोन करून जलतरणपटू मार्क स्पिट्झसह ज्यू खेळाडूंसाठी मरीन सैनिक मागवले.

पत्नी बार्बरा शाळेतल्या ओळखीची, लग्न २२ जून १९३६ रोजी. तीन मुलगे: जॉन, जे आणि टॉम. यातल्या जॉनच्या रँचमुळे त्यांची आपल्या पुण्याशी गाठ पडली. १९८१ मध्ये कोरेगाव पार्कातून निघालेले रजनीश ओरेगॉनमध्ये ६४,००० एकर जमीन घेऊन बसले, ती नेमकी जॉनच्या शेजारी. बोवरमन यांनी ‘सिटिझन्स फॉर कॉन्स्टिट्यूशनल सिटीज’ ही संस्था काढली आणि रजनीशपुरम या तिथे वसवलेल्या शहराविरुद्धच्या खटल्यांसाठी पैसे उभे केले. धर्मसंस्थेच्या जमिनीवर शहर वसवून त्याला सरकारी अधिकार देता येतात का, हा मुद्दा राज्याच्या महाधिवक्त्यांनीही कोर्टात नेला. नोव्हेंबर १९८५ मध्ये रजनीश अमेरिकेतून गेले. बोवरमन पुढे फॉसिललाच राहायला आले आणि २४ डिसेंबर १९९९ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, तिथेच वारले.