आधी पत्रा आणि कागद, मग इंजिन : आमची वाटचाल

सांगलीत शंभर फुटी रोडला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गॅरेज टाकलं तेव्हा गिऱ्हाईक ठरलेलं होतं. साखर कारखान्यांच्या अ‍ॅम्बेसिडर, डॉक्टर-वकिलांच्या फियाट, हळदीच्या व्यापाऱ्यांच्या जीपा. मारुती आली आणि आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांनी काम बदललं. पुढे २००० च्या आसपास पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच, बंद झाली, २०१४ मध्ये अ‍ॅम्बेसिडर. आम्ही याच गाड्या धरून राहिलो, कारण त्यांचा नट न् नट आम्हाला हाताला ठाऊक होता आणि त्या जिवंत राहाव्यात असं मनापासून वाटत होतं. आजही वाटतं.

जुन्या गाड्या ऑनलाइन विकायला लागल्यावर मात्र कामाचं स्वरूप पालटलं. हौशी माणूस फोटोवर भाळायचा, पैसे देऊन मोकळा व्हायचा आणि गाडी टेम्पोत घालून थेट आमच्या दारात आणायचा. "मिस्त्री, किती खर्च येईल?" गाडी लिफ्टवर घेतली की फ्लोअरचा पत्रा पापडासारखा हातात यायचा. गाडीच्या किमतीपेक्षा मोठा आकडा सांगताना आम्हालाच वाईट वाटायचं. म्हणून आम्ही गिऱ्हाइकांना सांगू लागलो, व्यवहार करण्याआधी जाहिरात आम्हाला पाठवा. आज निम्म्याहून जास्त काम तेच आहे.

जाहिरातीत इंजिनाचं कौतुक भरपूर असतं : 'इंजिन काम नवीन, हाफ सेल्फ स्टार्ट'. आम्ही ते शेवटी वाचतो. इंजिन बांधता येतं; बोअर, क्रँक, व्हॉल्व्ह सीटचं काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात उत्तम होतं. सडलेल्या पत्र्यावर हातानं काम करणारा डेंटर मात्र आता शोधून सापडत नाही. म्हणून विकणाऱ्याकडे आम्ही ठरावीक फोटो मागतो : दाराची खालची कड, मॅट उचलून फ्लोअर, डिकीत स्टेपनीखालची जागा, चाकाच्या कमानीची आतली बाजू. हे फोटो संध्याकाळपर्यंत आले तर पुढे बोलायचं. 'गाडी एक नंबर, येऊन बघा' एवढंच उत्तर आलं तर पेट्रोल जाळायचं कारण नाही. गाडी धुतल्या धुतल्या काढलेले फोटो आम्ही जमेस धरत नाही, ओल्या अंगावर उडालेला रंगही चमकतो. किलोमीटरच्या आकड्याचंही तेच. जुन्या मीटरला पाच आकडे, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. त्यापेक्षा क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघावं.

गाडी कुठे वाढली हेही बघतो. जत, आटपाडी, माण या कोरड्या भागातली गाडी दिसायला कळकट असते. रंग उन्हानं उडालेला, रबरं तडकलेली, पण पत्रा खणखणीत. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेतल्या चकचकीत गाडीपेक्षा आम्ही तिला वरचा भाव देऊ.

आणि आमच्या सांगलीची गाडी असेल तर पहिला प्रश्न पुराचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा तसंच. कऱ्हाडच्या एका गिऱ्हाइकानं पद्मिनीची जाहिरात पाठवली होती. सीट कव्हर नवं, मॅट नवं, रंग ताजा. एका फोटोत दार उघडं होतं आणि आतल्या रेक्झिनवर, काचेच्या हँडलच्या जरा खाली, आडवी फिकट रेघ होती. आम्ही हेडलाइट आणि मागच्या अ‍ॅक्सलमधल्या तेलाचे जवळून फोटो मागवले. हेडलाइटच्या काचेच्या आत गाळाची पूड, तेल दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेलं. जुन्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स नसतं, धुतली की झाली, असं लोक म्हणतात. पण सीटमधला काथ्या कुजतो, वायरिंगचे जोड हिरवे पडतात, दारांच्या पोकळीत राहिलेला गाळ पत्रा आतून खातो. आम्ही 'घेऊ नका' म्हणून कळवलं.

जीपांच्या जाहिरातीत 'ओरिजिनल मिलिटरी विलीज' हे शब्द फार स्वस्त झालेत. महायुद्धातल्या विलीज आणि फोर्ड जीपच्या पत्र्याच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात, नंतरच्या नागरी सीजे जीपला सात. युद्धातल्या जीपला मागे उघडणारी फळी नव्हती. बॉनेट उंच असेल तर ती सीजे-३बी, जी महिंद्रांनी आपल्याकडे कित्येक वर्षं बनवली. ती गुणाची गाडी आहे, आमची लाडकी आहे, पण तिचा भाव तिच्या नावानं लागावा.

कागदांवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो. 'एमएच' ही मालिका १९८९ पासूनची; त्याआधी तीन अक्षरी नंबर होते. जाहिरातीत '१९६८ मॉडेल, पहिला मालक' आणि पाटीवर एमएच-१० असेल, तर पुन्हा नोंदणी कधी, कशासाठी झाली ते विचारावं. मूळ मालक वारलेला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर चढली पाहिजे. एका भावानं जाहिरात टाकावी आणि बाकीच्यांना पत्ताच नसावा, हे आम्ही पाहिलंय. आरसीवर जुन्या पतसंस्थेचा बोजा तसाच असतो आणि ती संस्थाच आता शिल्लक नसते.

२०२१ च्या जुलैत केंद्रानं विंटेज वाहनांचे नियम आणले, तेव्हापासून जाहिरातीत 'विंटेज' शब्द १९८५ च्या पद्मिनीलाही लागतो. नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली हवीत आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, नंबरात 'व्हीए' अक्षरं, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. म्हणजे डिझेल इंजिन बसवलेली १९७० ची अ‍ॅम्बेसिडर त्यात बसत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

गाडी परराज्यात असली की विटा-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी मोठा आधार आहेत. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते गाळून शुद्ध करायच्या कामासाठी, ती देशभर पसरलीत. कोइमतूरची जाहिरात असली तर तिथला ओळखीचा माणूस जाऊन व्हिडिओ कॉलवर आम्हाला गाडीखालून फिरवतो. कोणी बघून आल्याशिवाय इसार द्यायचा नाही, हा आमचा नियम पक्का आहे. 'मी लष्करात आहे, बदली झालीय, वाहतुकीचे पैसे आधी पाठवा' किंवा 'क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुम्हाला येतील' असा निरोप आला की तिथेच थांबावं. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

आम्ही तपासणीची फी गाडी घेणाऱ्याकडून घेतो आणि ती व्यवहार झाला किंवा मोडला तरी तेवढीच असते. विकणाऱ्याकडून कमिशन घेत नाही. एजंट यावर नाराज असतात, चालायचंच. सध्या शेडमध्ये जतहून आणलेली पन्नाशी ओलांडलेली फियाट उभी आहे. पत्रा शाबूत, इंजिन जाम. ब्लॉक उद्यमनगरला गेलाय, व्हीए नोंदणीच्या कागदांची जुळवाजुळव चालू आहे. या मोसमात ती रस्त्यावर येईल.