रामलिंगच्या पार्किंगपलीकडे

सोलापूरकराला डोंगर चढायची हुक्की आली की तो आधी हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट बघतो. पुणे, तिथून सिंहगड नाहीतर राजगड, आणि परतीच्या गाडीत गुडघ्याला बाम. आपल्याकडं नुसता माळ आणि ऊन, हे आपणच एकमेकांना इतक्या वेळा ऐकवलंय की दोन तासांवर बालाघाटाची रांग आहे आणि तिच्यात अभयारण्य आहे म्हटलं, तर लोक विचारतात, ‘नान्नजचं माळढोक का?’ नान्नज गवताळ माळाचं. मी म्हणतेय ते येडशी-रामलिंगचं, डोंगराचं आणि झाडीचं.

रामलिंग माहीत नाही असा माणूस सोलापूर, बार्शी, धाराशिवकडं मिळणार नाही. श्रावणात तर पाय ठेवायला जागा नसते. दरीत उतरलेलं दगडी देऊळ, बाजूनं जाणारा ओढा, पाऊस बरा झाला तर धबधबा. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला जटायूनं इथंच अडवलं आणि जखमी जटायूला पाजायला रामानं बाण मारून पाणी काढलं, ही इथली कथा. आमच्या घरची रीतही ठरलेली: दर्शन, वानरांपासून नारळाची पिशवी वाचवणं, ओढ्याकाठी धपाटी, चला परत. बार्शीचे मामा जुन्या छोट्या गाडीच्या गोष्टी सांगायचे. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झालेली ती बार्शी लाईट पुढं येडशीवरनं लातूरला जायची. घाटात ती इतकी दमायची म्हणे, की पोरं उतरून, बोरं तोडून पुन्हा चढायची. मामांच्या गोष्टीतून थोडी बोरं वजा करावी लागतात. आता ब्रॉडगेज झालं, धाराशिवलाही स्टेशन मिळालं, आणि उतरून पुन्हा चढता येईल अशी गाडी राहिली नाही.

यंदा सप्टेंबरात मात्र देवळाच्या पुढं जायचं ठरलं. संभाजी तलावावर पहाटे फिरणारी आमची मंडळी, बहुतेक पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं. निमित्त खरं सांगायचं तर वाघाचं. डिसेंबर 2024 मध्ये या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. कुठला, तर यवतमाळकडच्या टिपेश्वरचा, 450-500 किलोमीटर चालत आलेला. शेतं, नद्या, हायवे ओलांडत तो इथवर आला आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आपल्याकडं वाघ’ म्हणून दिवाळी साजरी झाली. त्याला पकडायला 2025 च्या सुरुवातीला पथकं आली, तेव्हा तो काही हाती लागला नाही. मला कौतुक होतंच, पण हिशेब जुळत नव्हता. 1997 साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सगळं मिळून 22 चौरस किलोमीटरच्या आसपास. नर वाघाला एकट्याला याच्या कितीतरी पट जागा लागते. म्हणजे तो बार्शी तालुक्यातल्या शिवारांत फिरणार, गुरं मारणार, हे ठरलेलंच होतं.

वनखात्याच्या माणसाला विचारून, त्यानं दाखवलेल्या वाटेनंच निघालो. सगळे एकत्र राहा आणि ऊन कलायच्या आत खाली या, एवढंच त्यानं दोनदा बजावलं. चढ अवघड नाही. सह्याद्रीसारखे कडे नाहीत, दोर नाही, शिड्या नाहीत. फक्त मुरमाड वाट आहे, आणि मुरमावर चढताना नाही, उतरताना माणूस आपटतो. काठी घ्याच. वाटेत धावडा, पळस, सीताफळाची झुडपं, आणि मोकळी जागा दिसली की तिथं पिवळाधमक तरवड. वरच्या सपाटीला कमरेएवढं गवत. कुसळं मोज्यांत अशी घुसतात की घरी येऊन मोजे धुण्यापेक्षा टाकून दिलेले बरे. आमच्यातल्या एका ताईंनी सलवार चपलेवर येण्याचा पराक्रम केला होता. त्यांच्या पायांबद्दल मी लिहीत नाही.

वरनं दरी बघत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. गार वारा होता. सोलापूरच्या माणसाला गार वारा मिळाला की तो तिथं प्लॉट घ्यायचा विचार करतो, आमच्यात दोघांनी केला.

उतरताना वाटेच्या एका फाट्यावर गुरं घेऊन निघालेले एक मामा भेटले. साठीचे असतील. डोक्याला उपरणं, काखेत काठी. आमच्यातल्या एकानं मोबाईल वर धरतच विचारलं, “मामा, वाघ दिसतो का हो इथं?”

“दिसला तर काय घरी न्येताव का?” मामा म्हणाले. सगळे हसलो. मग त्यांनी काठीनं खालचं वळण दाखवलं. “तितनं माजी कालवड न्येली. सकाळी बगितलं तर नुस्ता फरफटल्याला माग.”

मग एकेक निघालं. पंचनामा झाला, पैसे मिळाले, तक्रार नाही. पण तेव्हा दोन महिने गुरं दावणीलाच बांधावी लागली. कडबा विकत घेतला. पोरीला शाळेत सोडायला आणि आणायला कुणीतरी जायचं, म्हणजे एका माणसाचा रोज बुडाला. हे सगळं ते पावसाबद्दल बोलावं तसं बोलत होते. मी विचारलं, अजून आहे का तो? “असंल की. न्हाईतर गेला असंल. गुरांला इचारा.”

ते असंच म्हणाले असतील असं वाटलं, पण नाही. एक ठिपक्यांची देवणी गाय दाखवून म्हणाले, “ही तिची आय.” बाकीची गुरं वळणावरनं सरळ उतरली. ही गाय वळणाच्या अलीकडं थांबली. नाकपुड्या फुगवल्या, कान पुढं केले, आणि तरवडातनं शिरून, वरनं मोठा वळसा घालून पलीकडं निघाली. तिथं वाट नव्हती. पोटाला काटे घासत होते. मामांनी तिला हाकललं नाही, आवाजही दिला नाही.

“रोजचंच हाय ताई. पयल्यांदा दाव्यानं वढायचो. मग म्हणलं, जाऊ दे तिला तिच्या वाटंनं.”

आम्ही गप्प. आणि तेवढ्यात तो मोबाईलवाला म्हणाला, “मामा, तिला परत एकदा तिकडनं आणता का? व्हिडिओ नीट आला नाही.”

मामा त्याच्याकडं बघून म्हणाले, “पगार द्येता का तिला?” आणि गुरांमागं उतरून गेले. मी त्या गृहस्थांशी गाडीत बार्शीपर्यंत बोलले नाही. ते चांगले आहेत, तलावावर सगळ्यांना सोलकढी पाजतात, आणि त्यांना अजूनही वाटतं की मला चढ झेपला नाही म्हणून मी चिडले होते. वाघ आला याचा अभिमान सोलापुरात बसून वाटतो तो फुकटात पडतो. कडब्याचे पैसे भलत्याच कुणीतरी भरलेले असतात, हे मला वाघाच्या बातम्या फॉरवर्ड करताना सुचलं नव्हतं, आणि त्यांना समोर गाय बघूनही सुचलं नाही.

खाली देवळापाशी नेहमीचं. वानरांना कुरकुरे देणारी कुटुंबं, मग वानर अंगावर आलं म्हणून किंचाळणारी तीच कुटुंबं. ओढ्यात प्लॅस्टिकचे द्रोण. चहा मात्र उत्तम, आलं ठेचून घातलेला.

पुढच्या वेळी ऑक्टोबर उजाडल्यावर जायचं ठरलंय, सीताफळं तयार झाली की. श्रावण सोडून, रविवार सोडून, आणि ज्यांना वाघ बघायचाय त्यांनाही सोडून.