बसून राहायचं, फिरायचं नाही

सातवा महिना लागताना डॉक्टरांनी ग्लुकोजची टेस्ट लिहून दिली. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जेवलेल्या असा वा नसा, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजतात आणि दोन तासांनी एकदाच रक्त घेतात. माझ्या डॉक्टरांना मात्र तिन्ही वेळचं हवं होतं: उपाशीपोटी, तासाने आणि दोन तासांनी.

रात्रीपासून फक्त पाणी. सकाळी लॅबमध्ये रक्त घेतलं आणि पेला पुढे आला. पाच मिनिटांत संपवायचा, आणि उलटी झाली तर पुन्हा कधीतरी सगळं पहिल्यापासून! पहिले दोन घोट बरे लागले, मग ते गोडमिट्ट पाणी घशाशी यायला लागलं. तेवढं निभावलं. खरा वैताग बसण्याचा. पाय आखडले म्हणून उठले, तर लॅबमधली मुलगी लगेच म्हणाली, "ताई, बसून राहा, फिरायचं नाही."

माझे आकडे आले ८४, १९१ आणि १४८. मर्यादा अनुक्रमे ९२, १८० आणि १५३. मला वाटलं, तीनपैकी दोनांत पास. पण एक आकडा जरी मर्यादेला पोचला, तरी गर्भारपणातला मधुमेह धरतात.

डॉक्टरांनी नीट समजावलं. ग्लुकोज रक्तात उतरलं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. मग स्नायू साखर आत घेतात आणि यकृत स्वतःकडची साखर सोडणं आवरतं घेतं. वारेतून येणारी संप्रेरकं इन्सुलिनचा जोर कमी करतात, म्हणून स्वादुपिंडाला जास्त राबावं लागतं. माझं कमी पडत होतं. फिरू न देण्याचं कारणही तेव्हाच कळलं: हालचाल करणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर ओढून घेतात, मग टेस्टचा आकडा फसवा येतो.

म्हणजे घरी आल्यावर नेमकं उलटं करायचं. जेवण झालं की पंधरा मिनिटं गच्चीवर फेऱ्या.

ग्लुकोमीटर आणला. खायला सुरुवात केल्यापासून तासाने १४०च्या आत, दोन तासांनी १२०च्या आत राहायचं. नातेवाईक एकच सांगत होते, गोड बंद कर. माझं मशीन वेगळंच सांगत होतं. नुसते पोहे आणि चहा घेतला की आकडा चढायचा. सगळ्यात वाईट चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्याची साखर व्हायला कितीसा वेळ? (सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.) आधी कोशिंबीर आणि मटकीची उसळ, मागून एक भाकरी, असं जेवले की आकडा आवाक्यात राहायचा. दुसरी भाकरी मात्र ज्वारीची म्हणून माफ नव्हती.

मला इन्सुलिन लागलं नाही. अनेकींना सगळं पाळूनही लागतं. त्यात त्यांचा काही दोष नसतो, हे त्यांना कुणीतरी स्वच्छ सांगायला हवं.

बाळंतपणात वार पडली आणि काही दिवसांत साखर उतरली. तरी सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा तोच पेला प्यायचा असतो. पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका वाढलेला राहतो. तान्ह्या बाळापायी ही टेस्ट अनेकींची राहून जाते. मी बाळाला आईकडे सोपवून गेले. या वेळी दोनदाच रक्त घेतलं, आणि दोन्ही आकडे मर्यादेत आले. आता दर वर्षी तपासायचं ठरलं आहे.